वैद्यकीय विद्यार्थ्यांचे स्वयंमूल्यमापन : लघुगट अध्यापनाच्या इतिहासातील एक धडा

प्रास्ताविक

ग्वाल्हेरच्या रेल्वे स्थानकाजवळील पडाव आणि त्यापलीकडचे लष्कर, ही दोन्ही नावे मुक्कामाची आहेत. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ येथे पडला व त्यातून लष्कर शहर वाढले. याच शहरात १९४६ साली गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आजच्या मध्य प्रदेशातील हे पहिले वैद्यकीय महाविद्यालय होय. त्या काळी देशभर शिक्षणाची पद्धत जवळजवळ एकच होती : व्याख्यान, शवविच्छेदन, रुग्णाच्या खाटेजवळील अध्यापन आणि शेवटी विद्यापीठाची परीक्षा. विद्यार्थ्याला किती येते हे परीक्षक ठरवीत असे. ‘तुला स्वतःला काय वाटते?’ हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

मॅकमास्टरचा प्रयोग

हा प्रश्न अभ्यासक्रमात आणण्याचे मोठे श्रेय कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाकडे जाते. १९६९ साली तेथे अवघ्या २० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. लहान गटाने एका रुग्णाची समस्या घ्यावी, काय ठाऊक नाही ते ठरवावे, शोधून आणावे व पुन्हा चर्चा करावी, अशी रीत होती. प्रत्येकाने स्वतःचे मूल्यमापन करावे. मग सहाध्यायी व मार्गदर्शक यांनी मत द्यावे. पारंपरिक परीक्षांना फाटा देण्यात आला. १९७४ मध्ये नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथेही समस्याधारित वैद्यकीय शिक्षण सुरू झाले.

परंतु १९८० च्या दशकाच्या अखेरीस मॅकमास्टरच्या पदवीधरांचे राष्ट्रीय परवाना परीक्षेतील निकाल चिंताजनक ठरले. केवळ गटातील मतावरून आपण कोठे कमी पडतो हे विद्यार्थ्याला उमगत नव्हते. म्हणून १९९० च्या दशकात ठरावीक काळाने घ्यावयाची प्रगती चाचणी सुरू झाली. लघुगट पद्धती मात्र सोडण्यात आली नाही, हे ध्यानात घ्यावे.

संशोधन काय सांगते?

२००६ साली डेव्हिस व सहकाऱ्यांनी डॉक्टरांच्या स्वयंमूल्यमापनावरील अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. स्वतःचे मत व बाह्य मोजमाप यांच्या २० तुलनांपैकी १३ मध्ये संबंध अल्प, शून्य किंवा उलटा आढळला. ज्यांचे कौशल्य सर्वांत कमी आणि ज्यांचा आत्मविश्वास सर्वांत जास्त, त्यांचे अंदाज अधिक चुकले होते. वर्गात ही चूक गुणांची असते. रुग्णालयात तिची किंमत रुग्ण मोजतो.

भारतीय संदर्भ

भारतात २०१९ च्या प्रवेशवर्गापासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. लघुगट अध्यापन, स्वयंदिग्दर्शित अध्ययन आणि नोंदवही यांना त्यात स्थान मिळाले. मध्य प्रदेशात २०२२ मध्ये प्रथम वर्षाची वैद्यकीय पुस्तके हिंदीत प्रकाशित झाली. हा मुद्दाही स्वयंमूल्यमापनाशी निगडित आहे. मातृभाषेतून शिकून आलेला विद्यार्थी इंग्रजी गटचर्चेत गप्प राहिला, तर त्याला विषय येत नाही असे गटाला वाटते; हळूहळू त्यालाही तसेच वाटू लागते. येथे भाषेची अडचण अज्ञान म्हणून नोंदली जाते.

समारोप

उर्दूत आत्मपरीक्षणाला ‘मुहासबा’ म्हणतात. या शब्दाचे मूळ हिशेबात आहे, आणि हिशेबाला वही लागते. आपल्या महाविद्यालयांतही हे करता येईल. चाचणीपूर्वी विद्यार्थ्याने आपला अंदाज लिहावा, नंतर उत्तरपत्रिकेशी तो ताडून पाहावा व फरकाचे कारण दोन ओळींत नोंदवावे. भाषा त्याच्या सोयीची असावी. या नोंदीला गुण देऊ नयेत. गुण दिले की विद्यार्थी खरे लिहीत नाही, शिक्षकाला आवडेल ते लिहितो. स्वयंमूल्यमापन हे शिक्षकाचे काम कमी करीत नाही. उलट, विद्यार्थ्याचा अंदाज कोठे चुकला हे त्याच्याजवळ बसून दाखविण्याची जबाबदारी वाढविते.