पिटातल्या प्रेक्षकाला कोणी विचारलं?

कॉलेजात थ्रिलर शॉर्ट फिल्म करायची ठरली की हल्ली आधी दोन गोष्टी होतात. एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो आणि एक गूगल फॉर्म फिरतो. तुम्हाला थ्रिलर आवडतात का, वयोगट कोणता, शेवटी धक्का हवा की नको, असे आठ-दहा प्रश्न. दोन दिवसांत पन्नासेक उत्तरं येतात. त्यांचे रंगीत आलेख प्रोजेक्ट फाइलमध्ये लागतात. आणि मग ज्याच्या डोक्यात जी गोष्ट आधीपासून होती, तीच शूट होते.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ब्रिटनमध्ये ओसीआर या परीक्षा मंडळाच्या मीडिया स्टडीजच्या अभ्यासक्रमात, २००८नंतर कितीतरी वर्षं, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना एक काम असायचं. एका नव्या चित्रपटाची फक्त सुरुवात करून दाखवायची, श्रेयनामावलीसकट, जास्तीत जास्त दोन मिनिटांची. बरीच मुलं थ्रिलर निवडत. अंधारा जिना, पावलांचा आवाज, कोणीतरी मागे येतंय. काम झालं की लेखी उत्तरं द्यायची, त्यातला एक प्रश्न असायचा : तुमच्या फिल्मचा प्रेक्षक कोण?

प्रश्न साधा दिसतो. पण चित्रपटवाले आणि सरकारं शंभर वर्षं या प्रश्नाशी झगडत आली आहेत. तो कसा विचारला गेला, कोणाला विचारला गेला आणि कोणाला विचारायचंच राहून गेलं, हे बघितलं तर आपल्या गूगल फॉर्मकडे बघण्याची नजर थोडी बदलते.

४,३२५ प्रश्नावल्या

आपल्याकडे हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर विचारला तो इंग्रज सरकारने. १९२७च्या ऑक्टोबरमध्ये ‘इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटी’ नेमली गेली. अध्यक्ष होते मद्रासचे वकील दिवाणबहादूर टी. रंगाचारियार. सरकारच्या चिंता दोन होत्या. अमेरिकन सिनेमांतल्या गोऱ्या बायकांची चुंबनं बघून ‘नेटिव्हां’च्या मनातला साहेबाचा वचक कमी होईल, ही पहिली. आणि हिंदुस्थानच्या बाजारात ब्रिटिश सिनेमाला जागा कशी मिळेल, ही दुसरी.

कमिटीने देशभर ४,३२५ प्रश्नावल्या पाठवल्या. १,४९१ उत्तरं परत आली. शिवाय ३५३ साक्षीदारांच्या तोंडी साक्षी झाल्या. त्यांत दादासाहेब फाळकेही होते. हा सगळा पुरावा जाडजूड खंडांत छापला गेला आणि मूकपटांच्या काळातला आपला प्रेक्षक कसा होता हे समजून घ्यायला आजही अभ्यासक त्याच खंडांकडे जातात.

पण उत्तरं देणारे कोण होते? सरकारी अधिकारी, वकील, शिक्षक, संपादक, मिशनरी, थिएटरमालक, निर्माते. प्रश्नावली महात्मा गांधींकडेही गेली होती. त्यांनी कळवलं की मी आजवर एकदाही सिनेमाला गेलेलो नाही, त्यामुळे उत्तरं द्यायला मी लायक नाही. मात्र सिनेमाने केलेलं नुकसान बाहेरून बघणाऱ्यालाही दिसतं. न बघताच मत देणारे बाकीचे लोकही बरेच असणार. गांधींनी निदान तसं स्पष्ट सांगितलं.

पडद्याला सगळ्यात जवळ, पिटात बसून शिट्ट्या मारणारा गिरणी कामगार, हमाल, टांगेवाला यांच्याबद्दल या खंडांत भरपूर लिहिलंय. त्यांना मारामाऱ्या आवडतात, अमेरिकन सीरियल्स आवडतात, ते पडद्याशी मोठ्याने बोलतात. हे सगळं दुसऱ्यांनी त्यांच्याविषयी सांगितलेलं. इंग्रजी प्रश्नावली भरायला त्यांच्याकडे कोणी गेलं नाही.

चाबूकवाली आणि वितरक

त्या अमेरिकन सीरियल्सच्या वेडातच वाढलेला एक पारशी तरुण मुंबईत होता. जे. बी. एच. वाडिया. कायद्याची पदवी घेतलेला, घरंदाज, आणि तरीही स्टंटपटांचा निस्सीम भक्त. धाकटा भाऊ होमी याच्याबरोबर त्याने १९३३मध्ये वाडिया मूव्हीटोन ही कंपनी काढली. १९३५मध्ये होमीने दिग्दर्शित केलेला ‘हंटरवाली’ तयार झाला. ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी एव्हान्स, म्हणजे आपली फिअरलेस नादिया, चेहऱ्यावर मुखवटा चढवून, हातात चाबूक घेऊन, घोड्यावरून अन्यायाचा पाठलाग करते.

वितरक कचरले. गोरी बाई पुरुषांना चाबकाने फोडते हे कोण बघणार? शेवटी वाडियांनी स्वतःच जबाबदारी घेऊन तो ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात लावला. तो पंचवीस आठवड्यांहून जास्त चालला.

वितरक धंद्यातले मुरलेले लोक होते, बाजाराची माहिती त्यांच्याकडे वाडियांपेक्षा जास्त असणार. वाडियांकडे वेगळी गोष्ट होती. त्यांना असे सिनेमे मनापासून आवडत. कुठल्या क्षणी आपले हात खुर्चीच्या दांड्यावर आवळले जातात, हे त्यांना स्वतःच्या अंगावरून ठाऊक होतं.

अंधारात वही घेऊन बसणारे

पिटातल्या माणसाला थेट विचारण्याचा एक चांगला प्रयत्न झाला तो इंग्लंडमध्ये, बोल्टन या गिरण्यांच्या गावी. ‘मास ऑब्झर्वेशन’ नावाच्या गटाला सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्याची नोंद करायची होती. १९३८मध्ये त्यांनी गावातल्या तीन चित्रपटगृहांत प्रश्नावल्या वाटल्या आणि ५५९ उत्तरं गोळा केली. थिएटरं मुद्दाम तीन थरांतली निवडली होती : एक झकपक, एक मधलं, एक स्वस्तातलं. सगळ्यांना एकाच टोपलीत न टाकता कोणत्या दरवाजातून आलेला माणूस काय म्हणतो, हे त्यांना वेगवेगळं बघता आलं.

याच गटाने आणखी एक गोष्ट केली. त्यांची माणसं थिएटरात बसून प्रेक्षक कधी हसले, कधी टाळ्या वाजल्या, कधी गप्प झाले, हे टिपून ठेवत. उत्तर लिहिताना माणूस थोडा सावरून बसतो, अंधारात तो विसरलेला असतो. थ्रिलर करणाऱ्याला या दोन माणसांमधला फरक कळणं फार गरजेचं आहे.

अमेरिकेत जनमत चाचण्यांसाठी गाजलेल्या जॉर्ज गॅलपने हाच अंधार यंत्राने मोजायचा घाट घातला. १९४०मध्ये त्याने प्रेक्षकांचा अभ्यास करणारी संस्था काढली आणि आरकेओ या स्टुडिओचं काम घेतलं. नाव कसं वाटतं, ही गोष्ट बघायला याल का, हा नट चालेल का, इथपासून सगळं तपासलं जाई. पुढे तर चाचणीच्या खेळाला आलेल्या प्रेक्षकांच्या हातात एक खटका दिला जाऊ लागला. आवडलं की इकडे फिरवा, कंटाळा आला की तिकडे. त्यातून चित्रपटाच्या पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत वरखाली होणारी एक रेघ निघे.

ही रेघ तुम्ही पाहिलेली आहे. यूट्यूबवर व्हिडिओ टाकल्यावर किती जण कितव्या सेकंदाला निघून गेले हे दाखवणारा आलेख त्याच घराण्यातला. फरक एवढाच की आता खटका फिरवावा लागत नाही, अंगठा वर सरकला की झालं.

प्रेक्षकाला काय माहीत आहे?

याच काळात हिचकॉक मात्र वेगळा हिशेब मांडत होता. फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत त्याने टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं. दोघं गप्पा मारताहेत आणि एकदम स्फोट होतो : प्रेक्षक काही सेकंद दचकतो. पण बॉम्ब ठेवलेला प्रेक्षकाला आधी दाखवला, तर त्याच रटाळ गप्पा तो कितीतरी मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. गप्पा त्याच, माणसं तीच. बदललं ते प्रेक्षकाला असलेलं ज्ञान.

म्हणजे थ्रिलरच्या बाबतीत ‘प्रेक्षक कोण?’ याच्या जोडीला आणखी एक प्रश्न येतो : ‘या क्षणी प्रेक्षकाला काय माहीत आहे?’

१९६०मध्ये ‘सायको’ आला तेव्हा हिचकॉकने हा प्रश्न थिएटरच्या दारापर्यंत नेला. तेव्हा अमेरिकेत खेळ एकापाठोपाठ एक चालू असत, लोक मध्येच येत आणि आपण आलो तो भाग पुन्हा आला की उठून जात. ‘सायको’त तर नायिका अर्ध्याच्या आधी मारली जाते. उशिरा आलेला माणूस जॅनेट लीला शोधतच बसला असता. म्हणून चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही असा नियम झाला आणि घड्याळाकडे बोट दाखवणारा हिचकॉक जाहिरातींत झळकला. लोकांनी बाहेर रांगा लावल्या. प्रेक्षक काय बघायला येतो यापेक्षा तो सिनेमा कसा बघतो, याच्या निरीक्षणातून हा नियम निघाला.

पण प्रेक्षकाचं ऐकण्याची किंमतही असते. १९८७चा ‘फेटल अट्रॅक्शन’ घ्या. मूळ शेवटात अ‍ॅलेक्स ही बाई आत्महत्या करते आणि संशय तिच्याशी संबंध ठेवणाऱ्या विवाहित पुरुषावर येतो. चाचणीच्या खेळात प्रेक्षकांना ते पटलं नाही, त्यांना तिला शिक्षा झालेली हवी होती. शेवट पुन्हा शूट झाला : न्हाणीघरात झटापट, आणि नायकाची बायको तिला गोळी घालते. अ‍ॅलेक्सचं काम करणाऱ्या ग्लेन क्लोजचा या बदलाला विरोध होता. तिच्या लेखी अ‍ॅलेक्स आजारी होती, राक्षसीण नव्हती. चित्रपट प्रचंड चालला. आणि एका दुखावलेल्या, मोडलेल्या बाईची गोष्ट शेवटच्या दहा मिनिटांत भुताच्या गोष्टीसारखी होऊन गेली.

चाचणी चुकली का? नाही. प्रेक्षकांना जे वाटलं तेच त्यांनी सांगितलं. ते ऐकून काय करायचं हे मात्र चाचणी ठरवत नाही, फिल्म करणाऱ्याला ठरवावं लागतं.

पुण्याचा विद्यार्थी

आता आपल्या गावात येऊ. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६०मध्ये सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये विधू विनोद चोप्रा नावाच्या विद्यार्थ्याने १९७६च्या सुमारास एक थ्रिलर केला, ‘मर्डर अ‍ॅट मंकी हिल’. मंकी हिल हे नाव पुणे-मुंबई रेल्वेने घाट उतरणाऱ्याला ओळखीचं आहे. विद्यार्थ्याच्या या फिल्मला सर्वोत्कृष्ट प्रायोगिक लघुपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हीच गोष्ट वाढवून त्याने नसीरुद्दीन शाहला घेऊन ‘सजा-ए-मौत’ हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट केला. त्यानंतरचा ‘खामोश’, चित्रपटाच्या शूटिंगवर होणाऱ्या खुनांचा थ्रिलर, घ्यायला वितरक तयार होईनात. तेव्हा चोप्राने तो मुंबईच्या रीगलमध्ये स्वतःच लावला. ‘हंटरवाली’नंतर पन्नास वर्षांनी तीच कहाणी.

पुढे १९८९मध्ये ‘परिंदा’ आला. तेरा वर्षांत एक विद्यार्थी छोट्या थरारपटापासून तिथवर पोचला. मधल्या प्रत्येक टप्प्यावर त्याची गाठ नव्या प्रेक्षकाशी पडत होती : आधी वर्गमित्र आणि शिक्षक, मग परीक्षक, आणि शेवटी पैसे मोजून आत आलेला अनोळखी माणूस. विद्यार्थ्याच्या फिल्मला बहुतेक वेळा पहिले दोनच भेटतात आणि तिसऱ्याची ओळख राहून जाते.

मग फॉर्म भरायचा की नाही?

भरायचा. पण कोणाला पाठवतोय ते बघून. आपला फॉर्म आपल्याच वर्गाच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे १९२७ची चूक छोट्या प्रमाणावर पुन्हा करणं. होस्टेलच्या मेसमध्ये वाढणारी ताई, रात्रपाळीचा वॉचमन, घरी बसून मोबाइलवर रोज दोन तास मालिका बघणारी मावशी, हे आपले पिटातले प्रेक्षक. थ्रिलर बघण्यात ते कदाचित आपल्यापेक्षा मुरलेले असतील. त्यांना फॉर्म पाठवायची गरज नाही, शेजारी बसून विचारलं तरी पुरे.

दुसरं, पटकथा लिहिताना कागदाचे दोन रकाने करा. एका बाजूला पात्राला काय माहीत आहे, दुसऱ्या बाजूला प्रेक्षकाला काय माहीत आहे. जिथे दोन्ही रकाने बराच वेळ सारखे राहतात, तिथे बहुधा फिल्म सैल झालेली असते.

तिसरं, कच्चं एडिटिंग झालं की पाच जणांना दाखवा आणि तुम्ही स्क्रीनकडे पाठ करून बसा. बोल्टनच्या त्या मंडळींसारखे. कोणाचा हात कितव्या मिनिटाला फोनकडे गेला, कोण पुढे झुकलं, कोण चुकीच्या जागी हसलं, एवढंच लिहा. नंतर त्यांना शेवट आवडला का ते जरूर विचारा. पण शेवट बदलण्याआधी ग्लेन क्लोजला जो प्रश्न पडला होता तो स्वतःला विचारून घ्या : हे पात्र मला खरंच असं दिसतं का?

एवढं करून झाल्यावर मग ते रंगीत आलेख फाइलमध्ये खुशाल चिकटवा. परीक्षकांना ते लागतातच.