वाइनची यादी कशी पारखावी?

परदेशात कामानिमित्त अथवा पर्यटनासाठी जाणाऱ्या मराठी माणसाची खरी पंचाईत होते ती वाइनच्या यादीपुढे. एखाद्या पदार्थाचे नाव कळले नाही तर वेटरला विचारता येते, शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवता येते. वाइनची यादी मात्र जाडजूड बांधणीत, अनोळखी नावांनी भरलेली समोर येते आणि यजमान म्हणून ती आपल्याच हाती दिली जाते. सर्वांत स्वस्त बाटली मागवणे कमीपणाचे वाटते, म्हणून बहुतेक जण तिच्या वरची मागवतात; काही जण दारावर टांगलेल्या मानपत्रावर विसंबून वेटर सुचवील तिला मान डोलावतात. वास्तविक यादी पारखण्याचे निकष फार अवघड नाहीत. ते समजून घेण्यासाठी अर्जेंटिनातील ब्युनॉस आयर्स शहराचा जुना धक्का हे एक उत्तम उदाहरण आहे.

पुएर्तो मादेरो

रिओ दे ला प्लाता या विशाल नदीमुखाच्या काठी एदुआर्दो मादेरो या व्यापाऱ्याच्या योजनेनुसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे बंदर बांधले गेले. एकामागोमाग एक अशा चार गोद्या आणि काठाने लाल विटांची गोदामे असा त्याचा आराखडा होता. परंतु जहाजांचे आकार वाढत गेले, बंदर अल्पावधीतच अपुरे पडले आणि गोदामे ओस पडली. १९८९ मध्ये पुनर्विकासासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर त्याच गोदामांत कचेऱ्या, घरे आणि उपाहारगृहे आली. २००१ मध्ये सान्तियागो कालात्राव्हा या स्पॅनिश वास्तुविशारदाने रचलेला फिरता पादचारी पूल येथे उभा राहिला. आज पाण्याकडे तोंड करून बसलेली येथील स्टेकहाउसे, म्हणजे स्थानिक भाषेत ‘पारीशा’, परदेशी पाहुण्यांचे हमखास ठिकाण आहेत.

पाण्याकाठच्या जागेचे भाडे जबर असते आणि बहुसंख्य गिऱ्हाईक एकदाच येणारे असते. या दोन्ही गोष्टींचा भार अखेर वाइनच्या दरावर पडतो, कारण मांसाच्या भावाची तुलना कोणीही करू शकतो. बाटलीच्या भावाची तुलना करणारे थोडे. म्हणूनच अशा जागी यादी डोळसपणे वाचण्याची गरज अधिक.

मांस आणि माल्बेक

स्टेक म्हणजे गोमांसाचा जाड काप, निखाऱ्यांवर भाजलेला. लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून व बियांतून आलेले टॅनिन हे तुरट द्रव्य असते. ते प्रथिनांना बांधले जाते. त्यामुळे नुसती पिताना जिभेला कोरडी लागणारी वाइन मांसाच्या घासाबरोबर मऊ वाटते आणि तिच्या तुरटपणाने चरबीचा ओशटपणाही कमी होतो. यादी पारखताना हे तत्त्व मनाशी ठेवावे. ‘ओहो दे बीफे’ हा चरबीदार काप असेल तर भरदार वाइन हवी. ‘लोमो’ हा नाजूक, कमी चरबीचा काप असेल तर हलकी लालही पुरते.

अर्जेंटिनात या मांसाची जोडीदार ठरली ती माल्बेक. हे द्राक्ष मूळचे फ्रान्सचे. काओर हा तेथील तालुका आजही त्यासाठी प्रसिद्ध आहे. १८५३ मध्ये मेंदोसा प्रांतात कृषिशाळा स्थापण्याचा प्रस्ताव सरकारपुढे आला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले सार्मिएन्तो यांच्या पुढाकाराने आलेले फ्रेंच कृषितज्ज्ञ मिशेल पुजे यांनी माल्बेकसह अनेक वाणांची कलमे आणली. १७ एप्रिल हा त्या प्रस्तावाचा दिवस २०११ पासून ‘जागतिक माल्बेक दिन’ म्हणून पाळला जातो. बोर्दो परिसरातील माल्बेकचे १९५६ च्या हिमदहाने मोठे नुकसान झाले; अँडीजच्या पायथ्याशी, कोरड्या हवेत व उंचीवर मात्र ते बहरले. लुहान दे कुयो येथील मळे समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटरवर आहेत आणि उको खोऱ्यातील काही त्याहूनही बरेच वर. उंचीवर रात्री गार असतात, त्यामुळे द्राक्षातील आम्लता टिकते.

यादी वाचण्याची रीत

पहिला निकष माहितीचा. प्रत्येक नोंदीत उत्पादक, प्रदेश, द्राक्षाचा वाण आणि साल या चार गोष्टी असाव्यात. नुसते ‘माल्बेक, मेंदोसा’ एवढेच छापलेले असेल तर मालकाला हवी ती बाटली आणून देण्याची मोकळीक त्याने राखली आहे, असे समजावे. सालाला विशेष महत्त्व आहे. दक्षिण गोलार्धात द्राक्षतोडणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होते. त्यामुळे एकाच सालाची अर्जेंटिनी वाइन फ्रेंच वाइनपेक्षा सुमारे सहा महिन्यांनी वडील असते. यादीत एक साल आणि बाटलीवर दुसरे, असे आढळल्यास बाटली उघडण्यापूर्वी निःसंकोच विचारावे.

दुसरा निकष स्वयंपाकघराशी असलेल्या नात्याचा. शंभर माल्बेक मांडल्याने यादी श्रीमंत होत नाही. लुहान दे कुयो आणि उको खोरे यांतील फरक चाखता यावा, जोडीला बोनार्दा व कॅबर्ने सोव्हिन्यों असावी, दक्षिणेकडील रिओ नेग्रोची पिनो न्वार असावी. मासे मागवणाऱ्यासाठी साल्ता प्रांतातील तोरोन्तेस ही सुगंधी पांढरी वाइन हवी. पाण्याकाठी बसून माशाची सोय नसलेली यादी अपुरीच म्हटली पाहिजे.

तिसरा निकष पेल्याचा. बाटली ७५० मिलिलिटरची असते. १५० मिलिलिटरचा पेला धरला तर पाच पेले होतात. चौघांपैकी एकच जण पिणारा असेल तर त्याच्यासाठी पेल्याने मिळणाऱ्या निदान चारपाच चांगल्या वाइन असाव्यात. पेला देताना बाटली टेबलावर आणून दाखवतात का आणि ती केव्हा उघडली हे सांगतात का, यावरून त्या घराची शिस्त कळते. लाल वाइन १६ ते १८ अंश सेल्सिअसला द्यावी असा संकेत आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी उघड्या सज्जात ठेवलेली कोमट बाटली आली, तर काही मिनिटे बर्फपाण्यात ठेवायला सांगण्यात गैर काही नाही.

चाखण्यासाठी ओतलेला पहिला घोट हा आवडनिवड ठरवण्यासाठी नसतो, दोष ओळखण्यासाठी असतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचामुळे वाइन बिघडली आहे, असे समजावे. अशी बाटली परत करण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

दराचे गणित

बाजारभावाच्या दुप्पट ते तिप्पट दर लावणे हा उपाहारगृहांचा सर्वसाधारण रिवाज आहे. त्यात पेले, साठवण, नोकरवर्ग यांचा खर्च येतो, हे मान्य केले पाहिजे. यादीतील दुसऱ्या क्रमांकाची स्वस्त बाटली सर्वांत तोट्याची असते, असा एक समज रूढ आहे. लाजरे गिऱ्हाईक तीच घेते हे मालक जाणतात, असे त्यामागचे कारण दिले जाते. परंतु लंडनमधील उपाहारगृहांच्या याद्या तपासून दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये जे निष्कर्ष मांडले, ते वेगळे होते. टक्केवारीने पाहता सर्वाधिक वाढ यादीच्या मध्याच्या आसपास आढळली. तेव्हा स्वस्त बाटली मागवण्यात कमीपणा नाही. किंबहुना यादीची खरी परीक्षा तिच्या स्वस्त भागातच होते. महाग वाइन पैसे टाकून कोणीही गोळा करू शकतो. माफक दरात चांगली वाइन शोधण्यासाठी मेहनत आणि जाण लागते.

मानपत्राचे मोल

‘वाइन स्पेक्टेटर’ हे अमेरिकी नियतकालिक १९८१ पासून उपाहारगृहांच्या वाइनयाद्यांना तीन श्रेणींचे पुरस्कार देते. रॉबिन गोल्डस्टीन या लेखकाने मिलान शहरात ‘ओस्तेरिया लिंत्रेपिदो’ नावाचे काल्पनिक उपाहारगृह कागदोपत्री उभे केले, यादी व २५० डॉलर शुल्क पाठवले आणि २००८ मध्ये त्याला पहिल्या श्रेणीचा पुरस्कार मिळाला. यादीतील सर्वांत महाग विभागात त्याच नियतकालिकाने कमी गुण दिलेल्या वाइन मुद्दाम घातल्या होत्या. मुख्य यादी मोठी व चांगली होती आणि प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहणे शक्य नसते, अशी बाजू नियतकालिकाने मांडली. ती सर्वस्वी गैरलागू नाही. पण त्यातूनच एक गोष्ट स्पष्ट होते. पुरस्कार कागदावरच्या यादीला मिळतो. तळघरात बाटल्या आहेत का, त्या थंड ठेवल्या आहेत का, वाढणाऱ्याला त्यांची माहिती आहे का, हे टेबलाशी बसलेला ग्राहकच तपासू शकतो.

हे निकष मुंबईच्या समुद्रकाठच्या हॉटेलांतही उपयोगी पडावेत. २००१ च्या राज्याच्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर नाशिक परिसरात वाइननिर्मिती झपाट्याने वाढली आणि शिराझ, शेनँ ब्लाँ यांसारख्या वाइन आपल्या याद्यांत रुळल्या. त्यांच्या नावापुढेही साल छापलेले आहे का, हे पाहावे. आणि वेटरला एक प्रश्न जरूर विचारावा : ‘या पदार्थाबरोबर, या रकमेच्या आत, तुम्ही काय द्याल?’ रकमेच्या मर्यादेत राहून कारणासहित उत्तर मिळाले, तर यादी भरवशाची समजावी.