कोहा : शालेय ग्रंथालयातील वापर

ग्रंथालयाचे सगळे कामकाज एकत्र सांभाळणारी मुक्त स्रोत संगणकप्रणाली. न्यूझीलंडमधील होरोफेनुआ ग्रंथालय न्यासासाठी कॅटिपो कम्युनिकेशन्स या कंपनीने ती १९९९ मध्ये तयार केली. न्यासाची जुनी प्रणाली २००० सालाच्या तारखा हाताळू शकणार नव्हती. जानेवारी २००० मध्ये कोहा तेथे सुरू झाली आणि त्याच वर्षी जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुली झाली. तिला परवानाशुल्क नाही. खर्च येतो तो सर्व्हर आणि देखभालीचा.

रचना : कोहा पर्ल भाषेत लिहिलेली असून सर्व्हर बहुधा लिनक्सवर चालतो. ग्रंथपाल आणि वाचक ती ब्राउझरमधूनच वापरतात. शाळेतील एका संगणकाला सर्व्हर करून बाकीचे स्थानिक जाळ्याने जोडले, तर इंटरनेट बंद असतानाही देवघेव थांबत नाही. ग्रंथखरेदी, तालिकीकरण, वाचकनोंदणी, देवघेव, नियतकालिके आणि अहवाल हे तिचे प्रमुख विभाग. वाचकांसाठी ऑनलाइन तालिका म्हणजे ओपॅक असते.

नोंदी : ग्रंथनोंद मार्क २१ या प्रमाणित आराखड्यात होते. ०२० या क्षेत्रात आयएसबीएन, ०८२ मध्ये ड्युई वर्गांक, १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ६५० मध्ये विषय. प्रत्येक प्रतीचा बारकोड, किंमत आणि जागा ९५२ मध्ये जाते. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असल्या, तरी ग्रंथनोंद एकदाच करावी लागते. इंटरनेट असल्यास झेड ३९.५० या संकेताने लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या ग्रंथालयांच्या तयार नोंदी उतरवून घेता येतात. अशा मराठी नोंदी पुष्कळदा रोमन लिपीत असतात. त्या देवनागरीत आणल्याशिवाय विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाहीत.

मराठी शोध : नोंदी युनिकोडमध्येच टंकित कराव्यात, जुन्या फॉन्टमधला मजकूर शोधात येत नाही. युनिकोडमध्येही सावधगिरी लागते. ‘वाऱ्यावरची वरात’ या शीर्षकातील ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकित होतो : ‘ऱ’ला हलन्त देऊन किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे असल्याने कपाटातले पुस्तक शोधात हुकू शकते. लेखकनामाचेही तसेच. ‘पु. ल. देशपांडे’ आणि ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’ ही दोन्ही रूपे अधिकृत नामनोंदीने एकत्र बांधावी लागतात. हे नियम आधी ठरवून सर्वांनी पाळले, तरच तालिका विश्वासार्ह राहते.

दक्षता : रोजचा बॅकअप सर्व्हरबाहेर ठेवावा आणि तो पुन्हा उघडतो की नाही, हे अधूनमधून तपासावे. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र पासवर्ड द्यावा. परत आलेल्या पुस्तकांच्या देवघेवीतून वाचकाचे नाव काढून टाकण्याची सोय कोहात आहे. मुलांना संकोच न बाळगता हवे ते वाचता यावे, यासाठी शालेय ग्रंथपालाने ती अवश्य वापरावी.