एटीएम यंत्रांची सुरक्षितता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पैशाची राखण हा बँकव्यवसायाच्या इतिहासातील सर्वांत जुना प्रश्न होय. तिजोरी, कुलूप आणि पहारेकरी या तीन साधनांच्या आधारे तो दीर्घकाळ सोडविला गेला. एटीएमने मात्र तिजोरीच रस्त्याच्या कडेला आणून ठेवली आणि तिची किल्ली हजारो अनोळखी ग्राहकांच्या हाती दिली. भारतात या यंत्राच्या सुरक्षिततेची व्यवस्था कोणत्या घटनांमधून घडत गेली आणि तिचा भार कोणावर पडला, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

यंत्राचा उदय व प्रसार :
२७ जून १९६७ रोजी लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेने पहिले रोकड यंत्र सुरू केले. त्याचे जनक मानले जाणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म १९२५ मध्ये शिलाँग येथे झाला होता. त्या यंत्रात प्लास्टिकचे कार्ड नव्हते. कार्बन-१४ ची खूण असलेला कागदी धनादेश आणि सांकेतिक क्रमांक यांच्या आधारे एका वेळी १० पौंड मिळत. हातातील एक वस्तू आणि स्मरणातील एक अंक, हे सुरक्षिततेचे दुहेरी तत्त्व तेव्हापासूनचे आहे.

भारतात एचएसबीसी बँकेने १९८७ मध्ये मुंबईत पहिले एटीएम उभारले. १९९७ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशनने 'स्वधन' हे सामायिक जाळे, तर २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या प्रेरणेने नॅशनल फायनान्शियल स्विच कार्यान्वित झाले. एका बँकेचे कार्ड दुसऱ्या बँकेच्या यंत्रात चालू लागले. सोय वाढली, परंतु एका ठिकाणचा दोष संपूर्ण जाळ्याला बाधक ठरण्याची शक्यताही निर्माण झाली.

पहाऱ्याचा प्रश्न :
१९ नोव्हेंबर २०१३ रोजी बेंगळुरू येथे एका महिलेवर एटीएम केंद्राचे शटर आतून ओढून प्राणघातक हल्ला झाला. कॅमेऱ्याने तो सर्व प्रसंग टिपला, परंतु आरोपीस अटक होण्यास २०१७ साल उजाडले. कॅमेरा पुरावा देतो, संरक्षण देत नाही, हे यातून सिद्ध झाले. पहारेकरी नेमण्याची मागणी जोर धरू लागली. तथापि तीन पाळ्यांतील पहारेकऱ्यांचा खर्च टाळण्यासाठी अनेक बँका दूरस्थ देखरेखीकडे वळल्या. येथे ग्राहकाची सुरक्षितता आणि यंत्राची सुरक्षितता हे दोन वेगळे प्रश्न असल्याचे दिसून येते. दूरवरून भोंगा वाजवता येतो, पण जखमी माणसाला हात देता येत नाही.

कॉसमॉस बँकेवरील हल्ला :
चुंबकीय पट्टीवरील माहिती चोरून बनावट कार्ड तयार करणे ही दीर्घकाळ प्रचलित असलेली पद्धत होती. २०१६ मध्ये एका सेवापुरवठादाराच्या यंत्रणेत घातक प्रणाली शिरल्यामुळे सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आली. त्यापुढील टप्पा पुण्याने अनुभवला.

११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. चोरांनी एकही यंत्र फोडले नाही. पैसे देण्याची परवानगी ज्या स्विचमार्फत मिळते, त्याला समांतर असा खोटा स्विच उभारण्यात आला. बनावट कार्डांवरील प्रत्येक मागणीस तो परस्पर होकार देत गेला आणि बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत मागणी पोहोचलीच नाही. २८ देशांतून सुमारे १२,००० व्यवहारांद्वारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे २,८०० व्यवहारांद्वारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्ट रोजी आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यात वळविण्यात आले. खातेदारांच्या शिलका सुरक्षित राहिल्या, परंतु तोटा अखेर सभासदांच्या संस्थेलाच सोसावा लागला. २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने ११ आरोपींना दोषी ठरविले.

उपाययोजना :
जून २०१८ मध्ये, म्हणजे या हल्ल्यापूर्वीच, रिझर्व्ह बँकेने एटीएममधील जुन्या संगणकप्रणाली टप्प्याटप्प्याने बदलण्याचे, यूएसबी जोडण्या बंद करण्याचे व केवळ मान्यताप्राप्त प्रणालीच चालू देण्याचे आदेश दिले होते. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचे साहाय्य एप्रिल २०१४ मध्येच थांबविले होते, ही बाब येथे लक्षणीय ठरते. चुंबकीय पट्टीच्या कार्डांऐवजी चिपची कार्डे देण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत होती. जून २०१९ च्या आदेशान्वये रोकड भरताना एकदाच चालणाऱ्या सांकेतिक क्रमांकाचे कुलूप वापरणे, तसेच यंत्र भिंतीत, खांबात वा जमिनीत पक्के बसविणे आवश्यक ठरले. विमानतळासारखी सुरक्षित स्थळे यास अपवाद होती. स्टेट बँकेने १ जानेवारी २०२० पासून रात्री १०,००० रुपयांहून अधिक रक्कम काढताना भ्रमणध्वनीवरील ओटीपी अनिवार्य केला.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, एक दार बंद होताच चोरी दुसऱ्या दाराकडे वळली : केंद्रातून कार्डाकडे आणि कार्डावरून स्विचकडे. बहुतेक उपाय हानीनंतर आले आणि जे आधी आले त्यांच्या अंमलबजावणीस मुदती होत्या. मोठ्या बँकांना हा खर्च पेलतो. मर्यादित साधनांच्या सहकारी बँकांना तो जड जातो, आणि ग्रामीण व निमशहरी महाराष्ट्राची बचत मोठ्या प्रमाणावर याच बँकांत आहे. म्हणून सुरक्षितता हा प्रत्येक बँकेचा स्वतंत्र खर्च न मानता सामायिक जाळ्याची सामायिक जबाबदारी मानणे, हाच या इतिहासाचा बोध होय.