जुन्या व्हिडिओ गेमचे उत्तरायुष्य : ‘टेट्रिस’च्या १९८९ च्या आवृत्तीच्या निमित्ताने

प्रस्तावना :

व्हिडिओ गेमचा जो इतिहास आजवर लिहिला गेला, तो बहुतांशी निर्मितीचा आणि विक्रीचा इतिहास आहे. कोणता खेळ कोणी घडविला, कोणत्या कंपनीने तो बाजारात आणला, त्याच्या किती प्रती खपल्या आणि पुढे त्याची जागा कोणत्या नव्या खेळाने घेतली, एवढे सांगून झाले की खेळाचे चरित्र संपले असे गृहीत धरले जाते. ग्रंथाच्या बाबतीत आपण असे कधीच मानत नाही. ज्ञानेश्वरीचा इतिहास १२९० मध्ये थांबत नाही; १५८४ मध्ये एकनाथांनी केलेली पाठशुद्धी आणि त्यानंतर शतकानुशतके चाललेली पारायणे हाही त्याच ग्रंथाचा इतिहास होय. खेळाच्या बाबतीत मात्र प्रकाशनानंतरच्या दशकांची ‘स्मरणरंजन’ या एका शब्दात बोळवण केली जाते. लहानपणीचा खेळ मोठेपणी पुन्हा खेळावासा वाटतो, यात इतिहासकाराने नोंद घ्यावी असे काय आहे, असा त्यामागचा भाव असतो.

प्रस्तुत लेखात ‘टेट्रिस’ या सर्वपरिचित खेळाच्या एका विशिष्ट आवृत्तीचा मागोवा घेतला आहे. ही आवृत्ती निन्टेंडो या जपानी कंपनीने आपल्या घरगुती खेळयंत्रासाठी १९८९ मध्ये काढली. तिच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाच्या घटना कंपनीने ते यंत्र बनविणे सोडून दिल्यानंतर घडल्या आणि त्या घडविणाऱ्यांपैकी अनेकांचा जन्मच त्यानंतरचा आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे स्मरणरंजनाचे स्पष्टीकरण किती अपुरे आहे ते दिसून येते.

पूर्वपीठिका :

‘टेट्रिस’चा जन्म १९८४ मध्ये मॉस्को येथे झाला. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव यांनी तो ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ या संगणकावर रचला. त्या संगणकाला चित्रे दाखविता येत नसल्यामुळे पहिले ठोकळे कंसाच्या चिन्हांनी बनविलेले होते. चार चौरसांचे सात प्रकारचे ठोकळे वरून खाली येतात, ते फिरवून व सरकवून आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते आणि ठोकळ्यांची रास माथ्याला टेकली की खेळ संपतो. नियम म्हणून एवढेच. पुढे या खेळाच्या हक्कांवरून जो आंतरराष्ट्रीय तंटा झाला त्याची हकिगत अनेकदा सांगितली गेली आहे. येथे तिचा फक्त परिणाम महत्त्वाचा आहे. सोव्हिएत सरकारच्या ‘एलॉर्ग’ या संस्थेने घरगुती खेळयंत्रांसाठीचे हक्क निन्टेंडोला दिले. त्यामुळे अटारी गेम्सच्या ‘टेंगेन’ या शाखेने बाजारात आणलेली प्रतिस्पर्धी आवृत्ती १९८९ च्या जूनमध्ये अमेरिकन न्यायालयाच्या मनाईहुकमाने मागे घ्यावी लागली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस निन्टेंडोची आवृत्ती अमेरिकेत विक्रीस आली.

व्यापाराच्या दृष्टीने पाहता या आवृत्तीचे आयुष्य अल्पच ठरले. उत्तर अमेरिकेत या यंत्राचे उत्पादन १९९५ मध्ये थांबले आणि जपानमधील त्याचे मूळ रूप ‘फॅमिकॉम’ हेही २००३ मध्ये बंद झाले. रूढ पद्धतीने लिहिलेला इतिहास येथेच पूर्णविराम देईल.

एकोणतिसावी पातळी :

या आवृत्तीत खेळाचे मैदान १० रकाने रुंद आणि २० ओळी उंच असते. ओळी नाहीशा होत जातात तसतशी पातळी वाढते आणि पातळीबरोबर ठोकळ्यांचा वेगही. पडद्यावरील चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने रेखाटले जाते. एकोणिसाव्या पातळीवर ठोकळा दर दोन चित्रांमागे एक ओळ खाली उतरतो. एकोणतिसाव्या पातळीवर तो प्रत्येक चित्रागणिक एक ओळ उतरू लागतो. म्हणजे माथ्यापासून तळापर्यंतचा प्रवास एकतृतीयांश सेकंदात संपतो. उलटपक्षी, कंट्रोलरची कळ दाबून धरली तर ठोकळा एक घर सरकतो, मग १६ चित्रांइतका थांबतो आणि त्यानंतर दर सहा चित्रांमागे एक घर असा सरकत जातो. या दोन आकड्यांची सांगड घातली की निष्कर्ष उघड आहे. कळ दाबून धरणारा खेळाडू एकोणतिसाव्या पातळीवर ठोकळा कडेपर्यंत नेऊच शकत नाही. खेळाडूंनी या पातळीला ‘मृत्यूचा पडदा’ असे नाव दिले आणि खेळ येथेच संपतो असे जवळजवळ दोन दशके मानले गेले.

ही समजूत खेळाच्या नियमांत कोठेही लिहिलेली नव्हती, हे येथे विशेष नोंदविण्याजोगे आहे. ती मानवी अंगठ्याच्या मर्यादेविषयीची समजूत होती. १९९० च्या निन्टेंडो स्पर्धेत आपल्या वयोगटात विजयी झालेला थॉर आकरलुंड हा कळ दाबून न धरता अंगठा अतिवेगाने थरथरवून प्रत्येक घरासाठी स्वतंत्र टिचकी मारीत असे. ती पद्धत दीर्घकाळ एका व्यक्तीचे अपवादात्मक कौशल्य म्हणूनच ओळखली गेली. २००९ मध्ये हॅरी हाँग याने गुणफलकावर मावणारी कमाल संख्या, ९,९९,९९९, गाठल्याचे अधिकृतपणे नोंदले गेले. २०१० मध्ये लॉस एंजेलिस येथे या जुन्या आवृत्तीची जागतिक स्पर्धा सुरू झाली. तिचे विजेतेपद जोनास न्यूबाउअर याने २०१० ते २०१७ या काळात सात वेळा पटकावले. न्यूबाउअरची पिढी ही १९८९ मधली मुले होती. स्पर्धेचे स्वरूप इतकेच राहिले असते तर स्मरणरंजनाचा सिद्धांत कदाचित टिकला असता.

नवी पिढी :

२०१८ च्या अंतिम सामन्यात न्यूबाउअरला जोसेफ सेली या १६ वर्षांच्या खेळाडूने हरविले. यंत्राचे अमेरिकेतील उत्पादन थांबले तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता. त्याचे बालपण या खेळाशी जोडलेले नव्हते, म्हणजे त्याला आठवण्यासारखे काही नव्हते. तो आकरलुंडची थरथरती टिचकी वापरीत होता आणि त्याच्यामागोमाग असंख्य किशोरवयीन खेळाडू तीच आत्मसात करू लागले. २०२१ च्या सुमारास याहून विलक्षण पद्धत रूढ झाली. हिच्यात अंगठा कळीवर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक टिचक्या मारायच्या. म्हणजे बोट कळीवर जाण्याऐवजी कळच बोटावर येऊन आदळते. तबल्यावर बोटे चालावीत तशी ही हालचाल दिसते. तीस वर्षे हाताळल्या गेलेल्या वस्तूला पाठीमागची बाजूही आहे, हे ध्यानात यायला एवढा काळ जावा लागला.

या पद्धतीमुळे एकोणतिसावी पातळी हा शेवट उरला नाही. तिच्यापलीकडे वेग आणखी वाढत नसल्याने खेळाडू पुढे जातच राहिले आणि १३८ व्या पातळीपासून त्यांना एक अनपेक्षित प्रदेश लागला. प्रत्येक पातळीसाठी ठोकळ्यांचे रंग एका दहा नोंदींच्या तक्त्यातून घेतले जातात. परंतु पातळीचा आकडा फार मोठा झाला की प्रोग्रॅम तक्त्याबाहेरची भलतीच माहिती रंग समजून वाचू लागतो. त्यामुळे कधी हिरव्यागार अंधारात, तर कधी जवळजवळ अदृश्य अशा काळसर ठोकळ्यांनी खेळावे लागते. हे रंग कोणी योजलेले नव्हते आणि ते डोळ्यांनी पाहून खेळेल असा खेळाडूही कोणी कल्पिलेला नव्हता. कर्त्याच्या हेतूत नसलेला अर्थ वाचकाला गवसतो तेव्हा साहित्यसमीक्षा त्याला वाचकाची निर्मिती म्हणते. येथे तोच न्याय लावण्यास प्रत्यवाय नसावा.

खरा शेवट त्याहून पुढे होता. यंत्राच्या संगणकचिपला गुणाकाराची आज्ञाच नाही. म्हणून ओळींचे गुण मोजताना प्रोग्रॅम पातळीच्या आकड्यानुसार पुन्हा पुन्हा बेरीज करतो. पातळी दीडशेच्या पुढे गेली की ही बेरीज एका चित्राच्या अवधीत उरकत नाही, पुढचे काम मध्येच येऊन आदळते आणि विशिष्ट परिस्थितीत खेळ जागच्या जागी गोठतो. प्रोग्रॅमची चिरफाड करणाऱ्या हौशी अभ्यासकांनी हे आधी कागदावर मांडले आणि संगणकाकडून खेळवूनही पाहिले. २१ डिसेंबर २०२३ रोजी ओक्लाहोमा राज्यातील १३ वर्षांच्या विलिस गिब्सनने १५७ व्या पातळीवर ते प्रत्यक्षात आणले. सुमारे ३८ मिनिटांच्या खेळानंतर पडदा गोठला. ३४ वर्षे माणसे या खेळाकडून हरत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा खेळच थांबला.

जतनाचा प्रश्न :

हे सारे घडण्यासाठी काय काय शिल्लक राहावे लागले याचा विचार केल्यास प्रश्नाचे गांभीर्य कळते. जुनी यंत्रे व कार्ट्रिज, म्हणजे आपल्याकडे ज्यांना सर्रास ‘कॅसेट’ म्हटले जाई ती, चालू स्थितीत राहावी लागली. पिक्चर ट्यूबचे टीव्ही राहावे लागले, कारण नव्या सपाट पडद्यांवर चित्र काही क्षणांश उशिरा उमटते आणि एकतृतीयांश सेकंदाच्या खेळात तो उशीर घातक ठरतो. जुन्या यंत्राचे अनुकरण करणारे प्रोग्रॅम लिहिले जावे लागले. यातील बहुतेक काम हौशी लोकांनी, आपल्या खर्चाने आणि अनेकदा कायद्याच्या धूसर सीमेवर उभे राहून केले आहे.

‘टेट्रिस’ भाग्यवान ठरला. २०२३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी त्या देशात प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात कोणत्याही मार्गाने उपलब्ध नव्हते. अमेरिकन मूकपटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात टिकून आहेत, असे तेथील काँग्रेस ग्रंथालयाच्या २०१३ च्या पाहणीत आढळले होते. ही तुलना पुरेशी बोलकी आहे. आपल्यालाही हा अनुभव नवा नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, पण तोवर ‘आलम आरा’ (१९३१) हाती लागण्यापलीकडे गेला होता. ग्रंथ व वृत्तपत्रे राष्ट्रीय ग्रंथालयांकडे पाठविण्याचे बंधन घालणारा आपला कायदा १९५४ चा आहे. खेळ त्याच्या कक्षेत येत नाहीत.

महाराष्ट्रात १९९० च्या दशकात ‘टेट्रिस’ पोहोचला तो निन्टेंडोच्या मूळ यंत्रातून क्वचितच. तो आला टीव्हीला जोडायच्या स्वस्त नकली यंत्रांतून आणि त्याहूनही अधिक ‘ब्रिक गेम’ या नावाने विकल्या जाणाऱ्या, हातात मावणाऱ्या, करड्या पडद्याच्या खेळण्यातून. खोक्यावर ‘९९९९ इन १’ अशी जाहिरात असे. प्रत्यक्षात मोजके खेळ वेग व मांडणी बदलून मोजलेले असत. पाजित्नोव यांचे नाव त्यावर नसे. हक्कांच्या कायद्याने ही यंत्रे अवैध ठरोत, पण मराठी मुलांच्या एका पिढीला संगणकीय खेळाची ओळख त्यांनी करून दिली, आणि त्या अर्थाने ती दस्तऐवज आहेत. आज ती माळ्यावर किंवा भंगारात आहेत.

आनंदाची अडचण :

अमेरिकेत ग्रंथालयांनी जतन केलेले, बाजारातून नाहीसे झालेले खेळ अभ्यासकांना घरबसल्या वापरता यावेत, यासाठी कायद्यातून सूट मागण्यात आली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारण्यात आली. चित्रे, ध्वनिफिती किंवा हस्तलिखितांच्या प्रती दुरून पाहता येतात. खेळासाठी मात्र संशोधकाने ग्रंथालयाच्या इमारतीत जाऊन बसावे लागते. नकारामागे एक भीती होती : असे खेळ लोक केवळ करमणुकीसाठी वापरतील. हा युक्तिवाद ऐकायला रास्त वाटतो, परंतु तो करमणूक आणि अभ्यास या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात असे धरून चालतो. वर दिलेला वृत्तांत याच्या विरुद्ध साक्ष देतो. १३८ व्या पातळीचे रंग, कंट्रोलरच्या पाठीवरची बोटे आणि १५७ व्या पातळीवरचा गोठलेला पडदा यांपैकी एकही गोष्ट कोणा संशोधकाला वाचनकक्षात ठरावीक तासांत सापडली नसती. त्या सापडल्या त्या संध्याकाळी शाळेतून येऊन तोच खेळ पुन्हा एकदा खेळावासा वाटणाऱ्यांना. करमणूक हीच येथे संशोधनाची पद्धत होती. कादंबरी आनंदासाठी वाचली जाईल या भीतीने ग्रंथालय ती देण्याचे नाकारीत नाही, हेही जाता जाता नमूद करावेसे वाटते.

त्याच ऑक्टोबर महिन्यात मायकेल आर्टियागा या तरुण खेळाडूने खेळ गोठू नये म्हणून दुरुस्त केलेल्या प्रतीवर २५५ वी पातळी ओलांडली. पातळीचा आकडा त्याहून मोठी संख्या धारण करू शकत नसल्याने तो शून्यावर परतला आणि ठोकळे पुन्हा, पहिल्या पातळीसारखे, सावकाश उतरू लागले. दोन महिन्यांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, निन्टेंडोने १९८९ ची ही आवृत्ती आपल्या वर्गणीच्या ऑनलाइन सेवेत पुन्हा उपलब्ध करून दिली.