मर्यादित आवृत्तीची मोटारसायकल : हौस आणि हिशेब

शिरूर व दौंड तालुक्यांत मोटारसायकल ही प्रामुख्याने गरजेची वस्तू आहे. दुधाची किटली डेअरीवर पोचविण्यापासून रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील पाळी गाठण्यापर्यंत तिचा उपयोग होतो. मात्र गेल्या काही वर्षांत ‘मर्यादित आवृत्ती’च्या, म्हणजे ठरावीक संख्येतच तयार होणाऱ्या मोटारसायकलींचे आकर्षण ग्रामीण तरुणांतही वाढले आहे. अशा वाहनाची विक्री काही मिनिटांत आटोपते, तर ऊस वा कांद्याचे पैसे येण्यास महिनोन्‌महिने लागतात. त्यामुळे या खरेदीचे नियोजन नेहमीच्या खरेदीपेक्षा वेगळे करावे लागते.

विक्रीच्या तीन पद्धती

पहिली पद्धत ‘प्रथम येईल त्यास प्राधान्य’ ही होय. रॉयल एनफिल्डने २०१८ मध्ये ‘क्लासिक ५०० पेगासस’ आणली. जगभरासाठी १००० आणि त्यांपैकी भारतासाठी २५० गाड्या होत्या. महाराष्ट्रात सर्व करांसह तिची किंमत सुमारे अडीच लाख रुपये होती. जुलै २०१८ मधील ऑनलाइन विक्रीत या २५० गाड्या १७८ सेकंदांत संपल्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच कंपनीच्या १२० व्या वर्धापनदिनानिमित्त भारतासाठी काढलेल्या १२० गाड्याही सुमारे दोन मिनिटांतच विकल्या गेल्या.

दुसरी पद्धत सोडतीची. जावाने २०१९ मध्ये नव्वदाव्या वर्धापनदिनाच्या ९० गाड्यांचे वाटप नोंदणी केलेल्या ग्राहकांतून सोडतीने केले. तिसरी पद्धत लिलावाची. हीरो मोटोकॉर्पच्या ‘सेंटेनियल’ या शंभर गाड्यांच्या मालिकेतील ७५ गाड्या २०२४ मध्ये लिलावाने विकल्या गेल्या. त्यांतील सर्वाधिक बोली वीस लाखांच्या पुढे गेली.

पहिल्या दोन पद्धतींत किंमत आधीच ठाऊक असते, म्हणून अंदाजपत्रक मांडता येते. लिलावात किंमत शेवटपर्यंत अनिश्चित राहते. तेथे स्वतःची कमाल मर्यादा आधी कागदावर लिहून ठेवणे आणि ती न ओलांडणे, एवढेच ग्राहकाच्या हाती असते.

शोरूमची किंमत आणि खरा खर्च

जाहिरातीतील आकडा हा खर्चाचा केवळ आरंभ असतो. महाराष्ट्रात २०१७ पासून दुचाकीवरील एकरकमी वाहनकर ९९ सीसीपर्यंत १० टक्के, ९९ ते २९९ सीसीपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे. जून २०२२ च्या दरपत्रकानुसार ३५० सीसीवरील दुचाकीसाठी त्याचा हप्ता १५,११७ रुपये असून त्यावर जीएसटी वेगळा लागतो.

उदाहरणार्थ, ६५० सीसीच्या गाडीची शोरूममधील किंमत सव्वाचार लाख धरली, तर वाहनकर ५१ हजार आणि तृतीय पक्ष विमा जीएसटीसह सुमारे १८ हजार होतो. स्वतःच्या वाहनाच्या हानीचा विमा, नोंदणी शुल्क आणि दोन हेल्मेट मिळवता एकूण रक्कम पाच लाखांच्या आसपास जाते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तर त्यावरील गाड्यांवर उपकरासह ३१ टक्के असलेला भार ४० टक्क्यांवर गेला. जुन्या दराने सव्वाचार लाखांना मिळणारी गाडी त्यामुळे सुमारे २९ हजारांनी महाग होते. जुने किंमतपत्रक हाताशी धरून केलेला हिशेब येथे चुकतो.

दौंडच्या रहिवाशाच्या गाडीची नोंदणी बारामतीच्या ‘एमएच ४२’ मालिकेत होते, तर शिरूरच्या रहिवाशाची पुण्याच्या ‘एमएच १२’ मध्ये. दुर्मीळ गाडीला पसंतीचा क्रमांक घेण्याची हौस असल्यास त्याचे शुल्कही वेगळे मांडावे. ऑगस्ट २०२४ च्या सुधारित दरांनुसार दुचाकीच्या ‘०००१’ या क्रमांकासाठी एक लाख रुपये पडतात.

पैसा कोठून आणावा?

नोकरदाराचे उत्पन्न मासिक असते. दरमहा बारा हजार रुपये आवर्ती ठेवीत टाकल्यास दोन वर्षांत व्याजासह सुमारे तीन लाख जमतात. उरलेले दोन लाख ११ टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ६,५५० रुपये येतो आणि एकूण व्याज ३५ हजारांहून अधिक भरावे लागते. कर्जाची पूर्वमंजुरी विक्रीच्या आधीच घेऊन ठेवणे इष्ट, कारण विक्रीच्या दिवशी बँकेच्या चकरा मारण्यास वेळ नसतो.

ऊस उत्पादकाचे गणित निराळे आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावयास हवेत, परंतु ते हप्त्यांनी व विलंबाने मिळण्याचा अनुभव जुना आहे. म्हणून न मिळालेल्या बिलाच्या भरवशावर नोंदणी करू नये. मागील हंगामाच्या पैशांतून घरखर्च, बियाणे, खते आणि सोसायटीचे देणे वजा करून उरलेली रक्कमच या खात्यात धरावी. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारातील लहानसा वाटा बाजूला टाकणे हा येथील कुटुंबांना जमणारा मार्ग आहे.

सर्वांत धोक्याचा मोह पीककर्जाचा. राज्यात तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास शेतकऱ्याला व्याज पडत नाही. ही रक्कम गाडीत अडकून फेड चुकली, तर सवलत जाते, खाते थकबाकीत येते आणि पुढच्या पिकासाठी कर्ज मिळणेही कठीण होते. हौसेची किंमत मग शेताला मोजावी लागते.

दुर्मीळतेचे मोल

मर्यादित आवृत्तीत बहुधा रंग, चिन्हे, क्रमांकाची पट्टी आणि काही जोडसाहित्य वेगळे असते. इंजिन व चासी नेहमीच्या गाडीचेच असते. ‘पेगासस’मध्ये एबीएस नव्हते. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच कंपनीने ‘क्लासिक ३५०’ची नवी आवृत्ती एबीएससह आणली, तेव्हा ‘पेगासस’च्या काही खरेदीदारांनी उघड नाराजी व्यक्त केली. त्यामुळे लवकरच लागू होणारे नियम आणि तंत्रातील बदल यांची चौकशी खरेदीपूर्वीच करावी.

पुनर्विक्रीत जादा किंमत मिळेलच, याची हमी नसते. विमा कंपनीही भरपाई देताना घसारा धरते, दुर्मीळता नव्हे. पुणे–सोलापूर महामार्गावर किंवा शिक्रापूर–रांजणगाव पट्ट्यातील अवजड वाहतुकीत गाडी घसरली, तर विशेष रंगाची टाकी पुन्हा मिळणे अवघड जाऊ शकते. म्हणून घसारारहित विमा घ्यावा आणि पहिल्या वर्षाच्या देखभालीसाठी किमान पंधरा-वीस हजार रुपये राखून ठेवावेत.

ही सर्व तरतूद करूनही गाडी हुकल्यास जमलेला पैसा हातीच राहतो. त्यात त्याच इंजिनाची नेहमीची आवृत्ती सहसा कमी किमतीत घेता येते.