पाण्यावरून उडणारं विमान : फ्लोट कसे निवडतात आणि उडायला किती पाणी लागतं?

अंधेरी (प्रतिनिधी) : ‘आपल्या धरणावर सी-प्लेन येणार’ ही बातमी आपल्याकडे दर दोन-चार वर्षांनी फिरते. फोटो येतात, हॉटेलवाले खूश होतात, जाळी टाकणारे भोई-कोळी बांधव काळजीत पडतात आणि पुढं काही ऐकू येत नाही. असं का होतं, याचं अर्धं उत्तर त्या विमानाच्या पायाशी आहे. चाकांच्या जागी किंवा चाकांसकट जे दोन लांबट होडीसारखे डबे लावतात, त्यांना फ्लोट म्हणतात. ते कसे निवडतात आणि भरलेलं विमान पाण्यावरून उठायला काय काय लागतं, हे गावानं समजून घेतलं तर घोषणेतलं खरं किती आणि हवेतलं किती, हे आपलं आपल्याला ताडता येईल.

सुरुवात जुहूपासून

अंधेरी तालुक्यातला जुहू विमानतळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचं विमान घेऊन इथंच उतरले. आज इथं मुख्यतः हेलिकॉप्टरची ये-जा असते. ऑगस्ट २०१४ मध्ये राज्य पर्यटन महामंडळ आणि ‘मेहेर’ या कंपनीनं जुहूहून लोणावळा परिसरासाठी सी-प्लेन सुरू केलं. पवना, मुळा, धोम या धरणांची नावंही तेव्हा घेतली गेली. ती सेवा टिकली नाही. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीला स्पाइसजेटनं ‘कोडियाक’ विमानाची चाचणी घेतली. गुजरातेत ३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमती ते केवडिया सेवा सुरू झाली, तीही काही महिन्यांत थांबली.

फ्लोटवरचा आकडा काय सांगतो?

फ्लोटच्या नावात बहुधा एक आकडा असतो. ‘ईडीओ २०००’ म्हणजे तो एक फ्लोट पूर्ण बुडाला तर २००० पौंड, म्हणजे साधारण ९०७ किलो गोडं पाणी बाजूला सारतो. दोन फ्लोट मिळून झाले १८१४ किलो. पण म्हणून विमान १८१४ किलोचं चालत नाही. नियम असा, की दोन्ही फ्लोटची मिळून तरंगण्याची ताकद विमानाच्या कमाल वजनापेक्षा ८० टक्के जास्त हवी. म्हणून १८१४ ला १.८ ने भागायचं. उत्तर येतं १००८ किलो. चार आसनी सेसना १७२ चं फ्लोटवरचं कमाल वजन २२२० पौंड, म्हणजे १००७ किलो. तिला हे फ्लोट अगदी मापात बसतात.

हेच गणित मोठ्या विमानाला लावून बघा. कोडियाकला ‘एरोसेट ६६५०’ फ्लोट लागतात. दोन्ही मिळून १३,३०० पौंड, भागिले १.८, म्हणजे सुमारे ७३९० पौंड. विमानाचं कमाल वजन ७२५५ पौंड. इथंही थोडीच जागा शिल्लक.

फ्लोटच्या आत किमान चार बंद कप्पे असतात. एका फ्लोटचे कुठलेही दोन कप्पे फुटून पाण्यानं भरले तरी विमान बुडता कामा नये, अशी अट असते. रोज सकाळी उडण्याआधी प्रत्येक कप्प्यातलं झिरपलेलं पाणी हातपंपानं काढतात. हे काम टाळलं तर न दिसणारं वजन घेऊन विमान निघतं.

मग मोठेच फ्लोट का लावत नाहीत? कारण मोठा फ्लोट म्हणजे जास्त वजन आणि हवेत जास्त अडथळा. जितका फ्लोट जड, तितका प्रवासी किंवा इंधन कमी.

नुसते फ्लोट की चाकांचे?

नुसते फ्लोट हलके, स्वस्त आणि देखभालीला सोपे. पण ते लावलेलं विमान पाण्याशिवाय कुठं उतरू शकत नाही. जुहूला आहे धावपट्टी, पाणी नाही. म्हणून जुहूहून धरणावर जायचं तर आत ओढता येणारी चाकं असलेले फ्लोटच लागतात. याला उभयचर म्हणतात, बेडकासारखं. चाकं, त्यांचे दांडे, हायड्रॉलिक पंप आणि चाकं आत घ्यायची पोकळी, या सगळ्याचं वजन आसनांतून वजा होतं. जाहिरातीत विमान ‘नऊ आसनी’ असलं तरी पूर्ण इंधन भरून तितकी माणसं बसतीलच असं नाही.

उभयचराचा मोठा धोकाही चाकांचाच. पाण्यावर उतरताना चाकं बाहेर राहिली तर ती पाण्यात रुततात आणि विमान नाकावर उलटतं. उलट, धावपट्टीवर चाकं न काढता उतरलं तर बहुतेक वेळा फ्लोटचा तळ घासण्यावर निभावतं. म्हणून उतरण्याआधी ‘चाकं कुठं आहेत’ हे वैमानिक मोठ्यानं बोलून तपासतो.

धातू की फायबर?

ॲल्युमिनियमचे फ्लोट दुरुस्तीला सोपे, पत्रा ठोकून रिव्हेट मारता येतात. पण खाऱ्या पाण्यानं ते खातात. फायबर किंवा कार्बनचे फ्लोट गंजत नाहीत, पण त्यांची दुरुस्ती जाणकारानंच करायची. समुद्रात उतरलेलं विमान त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवावं लागतं, धातूचे नटबोल्ट आणि तारा तर दोन्हींत असतात. आपल्या धरणांचं पाणी गोडं, हा मोठाच फायदा.

उडताना पाण्यात काय घडतं?

सुरुवातीला विमान होडीसारखं पाण्यात बसलेलं असतं. पूर्ण जोर दिला की नाक वर उठतं आणि शेपटी खाली जाते. विमान पाणी नांगरत पुढं सरकतं. हीच सगळ्यात अवघड वेळ. पाण्याचा अडथळा इथं कमाल असतो, वैमानिक त्याला ‘हंप’ म्हणतात. तो ओलांडला की फ्लोट पाण्याच्या वर येऊन घसरू लागतात. फ्लोटच्या तळाला मध्यावर एक पायरी कापलेली असते. तिथून पाणी सुटतं, मागचा भाग मोकळा होतो आणि वेग भराभर वाढतो.

चिखलातून भरलेली ट्रॉली काढताना जसं असतं, तसंच हे. पहिला उठाव मिळाला तर पुढं सोपं. नाहीच मिळाला तर कितीही रेस करा, चाक जागेवरच फिरतं. रस्त्यावरच्या विमानाला लांब धावपट्टी दिली तर बरंच काही भागतं. पाण्यावर मात्र वजन जास्त होऊन हंपच ओलांडला गेला नाही, तर दहा किलोमीटर पाणी असूनही उपयोग नाही. म्हणून ‘जलाशय किती लांब’ याच्या आधी ‘वजन किती’ हे विचारायचं.

दुसरी गंमत पाण्याची. आपल्याला वाटतं, आरशासारखं शांत पाणी चांगलं. उलट आहे. निश्चल पाणी फ्लोटला चिकटून राहतं. बारीक लाटा असल्या की फ्लोटखाली हवा शिरते आणि विमान लवकर सुटतं. पाणी फारच शांत असेल तर वैमानिक पंख किंचित कलता करून आधी एक फ्लोट उचलतो, मग दुसरा. समोरून वारा असला तर उत्तमच. उडण्याच्या वेगाच्या दहावा हिस्सा वारा समोरून मिळाला तर धाव सुमारे एक पंचमांश कमी होते.

मे महिन्यातल्या धरणाचं गणित

जुहू समुद्राच्या पातळीला. पवना, गंगापूर ही धरणं सुमारे ६०० मीटर, म्हणजे २००० फूट उंचीवर. त्या उंचीला हवा १५ नव्हे, ११ अंश असेल असं विमानाच्या तक्त्यात धरलेलं असतं. मेच्या दुपारी असते ३८. प्रत्येक जादा अंशाला साधारण १२० फूट धरायचे. २७ अंशांचे झाले ३२४०. म्हणजे विमानाला ती हवा ५२०० फुटांवरच्यासारखी विरळ लागते, जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतकी.

साध्या पिस्टन इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के घटते, म्हणजे इथं १५ टक्के गेली. धाव ढोबळ मानानं दर हजार फुटांना १० टक्के वाढते. समजा समुद्राच्या पातळीला ४५० मीटर पाणी पुरतं, तर इथं सुमारे ६८० लागेल. त्यात वजन १० टक्के वाढवलं तर आणखी २० टक्के, म्हणजे ८०० च्या पुढं. त्यानंतर काठावरची झाडं, तारा ओलांडायची जागा आणि बेत रद्द केला तर थांबायची जागा वेगळी. टर्बाइन इंजिनाला उंचीचा फटका कमी बसतो, पण हवेची विरळता पंखांना आणि पंख्याला चुकत नाही. म्हणून उन्हाळ्यात सकाळच्या फेऱ्या आणि कमी माणसं, हाच मार्ग राहतो.

शिवाय मे महिन्यात पाणीही खाली गेलेलं असतं. पवना धरणातलं वाघेश्वराचं मंदिर उन्हाळ्यात उघडं पडतं. मंदिर दिसतं म्हणून टाळता येतं. पण त्याच्या आधीच्या आठवड्यांत जुने चौथरे, झाडांचे बुंधे पाण्याखाली हातभर असतात, ते फ्लोटला फाडू शकतात. जाळ्यांच्या दोऱ्या आणि जलपर्णी यांचंही तसंच.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

• विमान कुठलं, फ्लोट चाकांचे की बिनचाकांचे, आणि मेच्या दुपारी खरे प्रवासी किती बसणार?
• पाण्याची पातळी किती खाली गेल्यावर सेवा बंद होणार? हा आकडा लेखी हवा.
• उडण्याचा पट्टा कुठून कुठं? पाण्याखालची पाहणी कोणत्या महिन्यात झाली? भरलेल्या धरणातली पाहणी उन्हाळ्याला चालत नाही.
• मासेमारीला तो पट्टा कोणत्या वेळी बंद राहणार आणि त्याची भरपाई कोण देणार?
• इंधन कुठं भरणार? पवनेसारखं धरण पिण्याच्या पाण्याचं असेल तर ते जुहूलाच भरलेलं बरं. मात्र परतीचं इंधन घेऊन आलेलं विमान जड असतं, हे पहिल्या प्रश्नाच्या हिशेबात धरलंय का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आकड्यांत मिळाली तर प्रस्तावावर अभ्यास झालाय असं समजायला हरकत नाही. ‘ते नंतर बघू’ असं उत्तर आलं, तर जाळी आत्ताच गुंडाळायची घाई करू नये.